सात टक्के नरक्या

करंबाडीच्या सोमजाईच्या देवराईतून एक पानही बाहेर न्यायचं नाही, असा गावाचा नेम होता. नेम म्हणजे नुसता पाहुण्यांना सांगण्यापुरता नव्हे. राईतून बाहेर पडताना शिवेच्या दगडापाशी थांबून बायका पदर झाडत, पुरुष टोपी झाडत, आणि लेकरांच्या केसांत अडकलेली काडी आया तिथल्या तिथे काढून टाकत. वाळकी फांदी अंगावर पडून कुणाचा पाय मोडला तर माणसाला उचलून बाहेर आणायचं, फांदी आतच राहायची. आत कोणकोणती झाडं आहेत हेही परक्यापाशी बोलायचं नाही. गावाला बारमाही पाजणारा झरा त्या झाडांच्या मुळांखालून निघतो, एवढं कळायला कुणाला शाळेत जावं लागलं नव्हतं.

मधमाशांना मात्र कुणी नेम घातला नव्हता. मंदा उतेकरच्या बावीस पेट्या शिवेच्या दगडापासून हाकेच्या अंतरावर होत्या. तिच्या सातेरी माशा दिवसभर राईत जाऊन अंगाला काय काय माखून बाहेर येत. त्यांनी पंख झाडून यावं, हे गावातल्या शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही. सुचलं असतं तरी सांगणार कुणाला?

मंदा पन्नाशीची, सडपातळ, बोलायला फटकळ आणि हाताने हळवी. नवऱ्याच्या मागे तिने दोन पेट्यांच्या बावीस केल्या आणि प्रणालीला, म्हणजे एकुलत्या लेकीला, रसायनशास्त्र शिकवलं. प्रणाली आता तालुक्याची नमुना अधिकारी होती. गावोगाव जाऊन मधपाळांच्या मधाचे नमुने घ्यायचे, बरणीला लाखेचं सील लावायचं, त्यावर सही करायची आणि बरणी प्रयोगशाळेत पाठवायची, हे तिचं काम. आईच्या मधाला लेकीचं सील कसं चालतं, असं सुरुवातीला कुणीतरी विचारलं होतं. तेव्हा वरून उत्तर आलं, की निकाल माणूस देत नाही, यंत्र देतं, त्यामुळे शंकेला जागा नाही.

या यंत्राची कथा थोडी मागून सांगायला हवी. मधात भेसळ करणारे आणि ती पकडणारे यांची शर्यत फार जुनी. उसाची साखर घातली तर तिच्यातल्या कार्बनची ठेवण फुलांतल्या साखरेपेक्षा वेगळी निघते, हे शास्त्रज्ञांनी शोधलं. तेव्हा चोर तांदळाच्या पाकाकडे वळले, कारण त्याची ठेवण फुलांसारखीच असते. मग मोठी चुंबकं आली, मधातला कणन् कण ओळखणारी. तेव्हा कारखान्यांनी त्या चुंबकांच्याच मापाने बेतलेला पाक बनवला. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात आलं, की खोटं पकडत बसण्यापेक्षा खऱ्यालाच आपली ओळख द्यायला लावू.

ओळख मधातच होती. माशी फुलात शिरते तेव्हा मकरंदाबरोबर परागही आणते, आणि प्रत्येक परागात त्या झाडाच्या डीएनएचे धागे असतात. चमचाभर मधात असे कोट्यवधी तुटके धागे. नवं यंत्र ते एकेक करून वाचतं, देशातल्या वनस्पतींच्या यादीशी ताडून पाहतं आणि सांगतं, की यात आखरा इतका, सोनकी इतकी, जांभूळ इतकं. सातेरी माशी पेटीपासून फार तर दीड किलोमीटर जाते. म्हणजे एक बरणी ही तेवढ्या मुलखाची खानेसुमारीच. पाक बनवता येतो, पण आख्खं जंगल कारखान्यात कोण बनवणार? पाकात पराग नसतात, त्यामुळे तो ओतला की परागांचं प्रमाण घटतं आणि यंत्राला तेही कळतं. दोन हजार पस्तीस सालच्या कायद्याने प्रत्येक बरणीवर ही यादी छापणं सक्तीचं झालं. लोक तिला फुलछाप म्हणू लागले. फोन धरला की झाडांची नावं, टक्के, आणि नकाशावर तीन किलोमीटरचं एक हिरवं वर्तुळ.

मंदाला फुलछापेचं कोण कौतुक. नऊ वर्षांत तिचा एकही नमुना नापास झाला नव्हता. पुण्यातल्या बायका फोन करून सांगायच्या, ताई, आज पोळीबरोबर तुमचा हिरडा खाल्ला. गेल्या दिवाळीच्या यादीत तळाशी एक नाव होतं, नरक्या, सात टक्के. ते वाचून ती हसली होती. नरक्या म्हणजे राईतलं ते घाणेरड्या वासाचं फूल. भादव्यात फुललं की नाकाला पदर लावावा लागतो. त्यातही माझ्या बाया तोंड घालतात म्हणजे कमाल आहे, असं ती प्रणालीला म्हणाली होती. प्रणालीही हसली होती. त्या हसण्याचं दोघींना पुढे फार वाईट वाटलं.

भादव्यात मंदा धाकट्या बहिणीकडे, पलीकडच्या खोऱ्यात गेली. तीन वर्षांत गेली नव्हती. बहिणीच्या गावालाही राई होती, यंदा मात्र तिथे तांबडी माती होती. झाडाच्या बुंध्याच्या जागी खड्डे, मुळं ओढून काढलेली, आणि मधून खोदयंत्राच्या साखळ्यांचे दुहेरी पट्टे. बहीण पाण्याच्या टँकरच्या रांगेत उभी होती. तिने सांगितलं ते असं. नरक्याच्या सालीत आणि मुळांत कॅन्सरवरच्या औषधाचं सत्त्व असतं, बाहेरच्या देशांत त्याला फार मागणी आहे, आणि ते झाड आता शोधून सापडत नाही. त्यांच्या गावच्या मधावर नरक्या तीन टक्के छापून आला. महिन्याभरात माणसं आली. नरक्या कुठला आणि ऐन कुठला हे बघायला त्यांना सवड नव्हती, सगळंच उपटलं. वनरक्षक आला तो पंचनामा करायला. अकरा गावांना तो एकटा, त्याने तरी काय करावं?

तीन टक्क्यांना ही गत, मग सातला काय, हा हिशेब मंदाने परतीच्या एसटीत बसल्या बसल्या केला.

त्यानंतर चारच दिवसांनी एक माणूस तिच्या दारात आला. चाळिशीचा, नीटनेटका, बोलायला मऊ. त्याने मधाची एक बरणी घेतली, चमचाभर तिथेच चाखला, वाहवा केली आणि सहज विचारावं तसं विचारलं, की मावशी, तुमच्या माशा चरायला कोणत्या बाजूला जातात? पेट्या घरापासून दिसत नव्हत्या; मंदाने राईच्या उलट बाजूचा डोंगर दाखवला. माणूस हसून बरं म्हणाला. जाताना त्याने फोनवर ते हिरवं वर्तुळ उघडलं आणि त्यात कुठेतरी बोट ठेवलं, हे तिने पाहिलं. तीन किलोमीटरच्या वर्तुळात डोंगर होते, दऱ्या होत्या, कारवीचं रान होतं. शोधायला वेळ लागला असता, पण तो शोधणार होता.

मंदा रात्रंदिवस विचार करू लागली. पेट्या हलवून उपयोग नव्हता, गेल्या वर्षीची यादी जगजाहीर होती. प्रणालीला विचारलं तर ती म्हणाली, छापलेली यादी पुसता येत नाही, कुणालाच. मग एके दिवशी पेट्यांमधल्या चौकटी पुसता पुसता मंदाच्या मनात आलं, की यादी पुसता येत नसेल, पण खोटी ठरवता येईल. मध भेसळीचा निघाला, तर बाईच लबाड ठरली. लबाड बाईच्या बरणीवरच्या झाडांवर कोण विश्वास ठेवणार? कुठून कुठून मध आणून मिसळत असेल म्हणतील, आणि वर्तुळ सोडून देतील. नाव जाईल, पेट्या जातील. राई राहील.

लेकीचं काय होईल, हेही तिच्या मनात आलं. तो विचार तिने बाजूला सारला. हे मी तिच्या बाजूने मांडत नाही, जे झालं ते सांगतो.

आश्विनात प्रणाली नमुना घ्यायला आली. आईच्या हातची भाकरी खाल्ली, पाय पसरून बसली, नव्या साहेबांच्या चार नकला करून दाखवल्या. इतर मधपाळांकडे ती पेटीतून स्वतः चौकट काढून मध गाळून घ्यायची. आईकडे तेवढं कोण करतं? मंदाने भरून ठेवलेली बरणी पुढे केली. तिच्यात आदल्या दिवशी बाजारातला तांदळाचा पाक ओतून, हात दुखेपर्यंत घोटलेला होता. प्रणालीने मेणबत्तीवर लाख वितळवली, झाकणावर थेंब पाडले, शिक्का दाबला आणि सही केली. मंदा चुलीकडे तोंड करून बसली होती. एकदा तिला वाटलं, बरणी हिसकून घ्यावी आणि ओट्यावर फोडून टाकावी. तेवढ्यात प्रणाली उठलीसुद्धा, आणि चहा नको, उशीर होईल, म्हणत निघाली.

निकाल अकराव्या दिवशी लागला. फोन आला तेव्हा मंदा पेट्यांपाशी होती.

"आई, तू साखर घातलीस?" प्रणालीचा आवाज सपाट होता.

"घातली."

मग प्रणालीने विचारलं, की का. मंदाने सांगितलं. बहिणीचं गाव सांगितलं, तो माणूस सांगितला, खोटी ठरायचं होतं हे सांगितलं. माझं नाव गेलं तरी चालंल, पर आता त्या यादीवर कोन भरवसा ठेवनार न्हाय, असं म्हणाली.

"आई, यंत्र पाक वेगळा काढतं आणि खालचा मध तसाच वाचतं," प्रणाली म्हणाली. "पाक एकोणतीस टक्के. उरलेल्यात नरक्या सात टक्के. गेल्या वर्षी आला तेवढाच. झाडं उपटणाऱ्यांची आता खात्री पटली."

"मग आता?" मंदाने विचारलं.

यापुढचं प्रणालीने सांगितलं ते असं. जो खरा असतो त्याचं घर लोकांना कळू नये, म्हणून कायदा त्याला तीन किलोमीटरचं ढोबळ वर्तुळ देतो. जो भेसळ करतो त्याला मात्र झाकत नाही. ग्राहकांना सावध करायला त्याच्या पेट्यांची नेमकी जागा नकाशावर लाल ठिपक्याने लावली जाते, आणि त्या पेट्यांच्या माशा कुठल्या झाडांत चरतात त्याचा अंदाजही शेजारी येतो. हे मंदाला ठाऊक नव्हतं. कायद्याच्या पुस्तकातलं ते पान तिने कधी उलटलंच नव्हतं. नऊ वर्षं पास होणाऱ्याला नापासाचं काय होतं हे कशाला माहीत असेल? मुरलेल्या लबाडाने ही चूक केली नसती.

"ठिपका लागला सकाळी," प्रणाली म्हणाली. "माझं सील होतं ना. मला कामावरून घरी पाठवलंय."

बाळकू गुरव सोमजाईचा पुजारी. पंच्याहत्तरीचा, कानाने पक्का आणि गुडघ्यांनी गेलेला. मंदाने संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसून सगळं कबूल केलं. त्याने तिला एक शब्दही दूषण दिलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. फक्त विचारलं, की ती माणसं कधी येतील. उद्या, परवा, असं मंदा म्हणाली. म्हातारा उठून आत गेला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी फटफटताना ती राईकडे गेली, तर शिवेच्या दगडाच्या आतून कुऱ्हाडीचा आवाज येत होता. तिला वाटलं, आलेच. धावत आत गेली. बाळकू गुरव एका नरक्याच्या बुंध्याशी गुडघे टेकून घाव घालत होता. त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता, आणि जवळच्या सोमजाईच्या देवळासमोरच्या दिव्यात तेल भरलेलं होतं.

"आबा, हे काय करताय?"

"त्यास्नी यायचंच हाय, मंदे," तो दम घेत म्हणाला. "आली तर खोदायचं मशीन घेऊन येत्याल. मग कंचं झाड कंचं, ह्ये बघत बसत न्हाईत. आपनच तोडून रस्त्यावर रचून ठिवू. घेत्याल आन् जात्याल. आत पाय टाकायचं कारन ऱ्हात न्हाई." मग त्याने कुऱ्हाड टेकवली आणि म्हणाला, "गुडघं गेल्यापास्नं आत फिरलो न्हाई, आता मला ह्यो एकच ठावा हाय. बाकीची तू दाव."

ज्या माणसाने सत्तर वर्षं राईतली काडी बाहेर जाऊ दिली नाही, तो हे म्हणत होता. मंदाला रडू आलं. ती रडली, आणि रडून झाल्यावर हात वर करून झाडं दाखवू लागली. तिला ती सगळी ठाऊक होती. बहर सरत आला होता तरी वास होता, आणि वास नसता तरी माशांच्या येण्याजाण्यावरून तिने डोळे मिटून सांगितली असती. हे एक, ते जांभळाच्या आडचं, वारुळाजवळची ती दोन. गावातली पाचसहा माणसं आली. बाळकूने त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. खांद्यावर ओंडके घेऊन, दगडाच्या बाहेर, डांबरी रस्त्याच्या कडेला त्यांनी ढीग घातला. एवढं चालू असताना माशा तोडलेल्या फांद्यांवरच्या उरल्यासुरल्या फुलांवर येऊन बसत होत्या, ओंडक्याबरोबर रस्त्यापर्यंत जात होत्या.

झऱ्याच्या वरच्या अंगाला एक घळ आहे. तिथे नरक्या दाट आहे, एकमेकांत मुळं गुंतलेला, आणि त्याच मुळांखाली झऱ्याचं तोंड आहे. बाळकूने विचारलं, झाली का सगळी? मंदा म्हणाली, झाली.

दुपारी प्रणाली पोहोचली. पिशवी खांद्याला तशीच ठेवून ती ढिगाजवळ उभी राहिली. आईशी ती फोननंतर बोलली नव्हती, आताही बोलायचं नाही असंच ठरवून आली असावी. तिने ओंडके मोजले, ओठ हलवत, आणि मग हळूच आईच्या कानाशी येऊन म्हणाली, "सात टक्क्यांना एवढी झाडं पुरत नाहीत."

"म्हायतीय," मंदा म्हणाली.

प्रणालीने आईकडे पाहिलं. नजर घळीच्या दिशेला जाऊ नये म्हणून ती मुद्दाम रस्त्याकडे वळली आणि तिने आईचा हात धरला. एवढ्या दिवसांत मंदाला बरं वाटलं ते तेवढ्या एका क्षणापुरतं.

तीनच्या सुमाराला जीप आली. तोच माणूस, तसाच नीटनेटका, बरोबर चौघे. त्याने ढीग पाहिला आणि खरोखरच चकित झाला. त्रास कशाला घेतलात, म्हणाला. बाळकू गुरव पुढे होऊन हात जोडून म्हणाला, की एवढीच होती, घेऊन जा, आमची आई आत हाय, आत जाऊ नका. माणसाने म्हाताऱ्याच्या हातांना आपले हात लावले. त्याच्या वागण्यात उद्धटपणा नव्हता. या झाडानं माणसं वाचतात बाबा, असंही तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

त्याच्या माणसांनी ओंडके जीपमध्ये भरले. भरताना एकाने मोजले. आकडा ऐकून त्याने खिशातून फोन काढला आणि थोडा वेळ त्यावर बोट फिरवलं.

"मावशी, ही एकतीस आहेत," तो मंदाला म्हणाला. "तुमच्या मधावरून नव्वदच्या वर निघतात. उरलेली कुठं आहेत?"

"न्हाईत. होती ती हीच."

"मावशी," त्याने समजुतीच्या सुरात म्हटलं, "तुम्ही साखर घातलीत तेव्हासुद्धा तुमचा मध खरंच बोलला."

बाळकू गुरवाने मान वळवून मंदाकडे पाहिलं. एका नजरेत त्याला सगळं कळलं. पहाटेपासून आपल्या हाताने तोडलेलं सगळं फुकट गेलं, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर होतं, आणि तो शिवेच्या दगडावर जाऊन बसला.

प्रणाली पुढे झाली. हे बेकायदा आहे, मी वनखात्याला फोन लावते, म्हणाली आणि तिने लावलाही. रक्षक दोन गावं पलीकडे होता, निघतो म्हणाला. तो माणूस तिच्याकडे आदराने पाहत उभा राहिला. घाटातून काहीतरी जड चढत येत असल्याचा आवाज येऊ लागला होता.

मग त्याने मंदाचा नाद सोडला आणि वर पाहिलं. ऊन तिरपं झालं होतं आणि त्यात माशांची वाट स्पष्ट दिसत होती. पेट्यांमधून निघून, शिवेच्या दगडावरून, तोडलेल्या झाडांच्या जागेवर जराही न रेंगाळता, त्या सरळ झऱ्याच्या वर, घळीकडे जात होत्या. त्याने बोटाने ती रेघ हवेत ओढली, जिथे संपत होती तिथे थांबवली आणि आपल्या माणसांना दाखवली.

मंदा पेट्यांकडे धावली. आणखी माशा बाहेर पडून वाट दाखवू नयेत म्हणून चिखलाचे गोळे करून ती एकेका पेटीचं दार लिंपू लागली. पहिली, दुसरी, तिसरी. प्रणाली तिला थांबवायला गेली आणि मग स्वतःच खाली बसून चिखल कालवू लागली. दोघींच्या हातांवर माशा डसत होत्या. अकराव्या पेटीपर्यंत त्या पोहोचल्या तेव्हा घळीतून परतलेल्या माशा लिंपलेल्या दारांवर गोळा होऊ लागल्या होत्या, पायांना पिवळे पराग घेऊन, आणि रस्त्यावर ट्रकवरून खोदयंत्र उतरवण्यासाठी फळ्या लावल्या जात होत्या.